बार्शीमार्गे

रात्री एक बेचाळीसला
तामलवाडीच्या अलीकडे,
उन्हाला भिऊन रात्रीच खणणाऱ्या जेसीबीनं
पाण्याच्या नव्या लाइनसाठी चर काढता काढता
आमची केबल उचलली,
भुईमुगाचा वेल उपटावा तशी.

होटगी रोडवरच्या या खोलीत एसी सोळावर.
नकाशावरची एक रेघ लाल झाली,
आणि मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत
तुळजापूरकडे निघालेला उजेड
उलटा फिरून मोहोळला गेला, बार्शीला गेला,
मागच्या दारानं तुळजापुरात शिरला.
पन्नास मिलिसेकंद.
तिकडचं सरकारी हॉस्पिटल, दोन बँका, पोलीस कंट्रोल,
कुणालाच कळलं नाही.
न कळू देणं, याचाच मला पगार.

(आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं.
ती लाइन फुटली तर बार्शीमार्गे काही येत नाही.)

नायनांच्या मागावर ताण्याच्या धाग्याधाग्याला
एकेक पत्र्याची पट्टी लोंबायची.
धागा तुटला की पट्टी पडायची,
पट्टी पडली की माग जागच्या जागी गप्प.
लहानपणी मला त्या गप्प होण्याची भीती वाटायची.
"थांबतो तो माग इमानी," नायना म्हणायचे,
जिभेनं बोट ओलं करून टोकं शोधत.
"तुटल्यावरही चालतो, त्याची चादर
बाजारात तोंड काळं करते."

माझा माग थांबत नाही, नायना.

फक्त खाली पिवळ्या अक्षरांत एक यादी उरते.
स्वस्त प्लॅन, ब्राँझ गट:
यांची दुसरी वाट कुणी विकतच घेतलेली नसते.
सातव्या ओळीवर: पूर्व भाग, नीलम नगर, घरगुती.

अंबादासची मस्कतमधली शिफ्ट
आपल्या दीड वाजता सुटते.
नायना तोवर जागे असतात,
फोन चटणीच्या बरणीला टेकवून,
चष्मा पुसून.

बार्शीच्या बाजूला दोन लॅम्डा रिकामे होते,
डोळ्यांना न दिसणारे दोन रंग,
पुढच्या तुटीसाठी राखून ठेवलेले.
सेवा निवडा. वाट निवडा. होय म्हणा.
तीन क्लिक. अधिकार माझाच,
सकाळी कारण लिहायचं, तेही मीच.

मी दोन केले.

तेवढ्यात बागवानचा फोन.
"म्याडम, तुम्ही एकोणीस किलोमीटर चारशे बोलल्या,
मी चारशे दहावर हाय, गुडघाभर चिखलात.
टोकं घावली. बोलू का?"
आणि तो बोलायला लागला,
निळा. नारिंगी. हिरवा. तपकिरी. राखाडी.
मागून जनरेटरची घरघर, कुणीतरी बत्ती हलवतंय,
"आरं सरळ धर की!"
पांढरा. लाल. काळा.
मी प्रत्येक रंगापुढे खूण करत गेले.
तिसरा क्लिक पडद्यावर तसाच,
नक्की? असं विचारत.
दहा मिनिटांनी प्रणालीनं आपलं आपणच ठरवलं:
वेळ संपली.

चार पन्नासला रेघ हिरवी झाली.
बागवान म्हणाला, "झोपा आता."
तो अजून चिखलातच होता.

घरी आले तर नळाला पाणी.
नायना घागरीवर घागर लावत होते.
"तुटली होती?"
"तामलवाडीला."
"गाठ कुणी मारली?"
"बागवान म्हणून आहेत."
"दिसते?"
"दिसते. आलेखात एवढीशी पायरी. हाताला लागत नाही."
त्यांनी मान हलवली,
मारणारा बरा आहे, अशी.

मग घागर उचलता उचलता म्हणाले,
"अंबादास बोलता बोलता थांबला. तोंड उघडंच.
मी बंद नाही केलं, तासभर बघत बसलो.
एरवी हलतो फार, नीट दिसतच नाही.

बारीक झालाय."